बसाप्पाचे झेडवाले शब्द

उचगावच्या बसाप्पाला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी शब्द हजारांनी येत होते. हा काय चमत्कार, असं कुणाला वाटेल. पण ज्यानं जुना छापखाना बघितलाय त्याला नवल वाटणार नाही. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळा चौथीपर्यंत, एवढ्या भांडवलावर तो सहासष्ट साली लक्ष्मीपुरीतल्या गणपतरावांच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागला. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. ते खणातून उचलायचं आणि ओळीत उलटं लावायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. सोळाव्या वर्षी हात बसला तो बसलाच.

गणपतराव मनानं मोठे, पण नवे खिळे घ्यायचे म्हटलं की त्यांचा हात आखडायचा. मराठीचे खिळे भरपूर होते. इंग्रजीचे मात्र मोजकेच. डब्ल्यू सातच आणि झेड तर दोनच. इंग्रजीतली लग्नपत्रिका आली की ‘वेडिंग’, ‘वेलकम’, ‘विथ’ करता करताच डब्ल्यू संपायचे. मग बसाप्पा गिऱ्हाइकाला गोडीगुलाबीनं म्हणायचा, “पावणं, ‘वेडिंग’ काढूया, ‘मॅरेज’ घालूया. मान तेवढाच ऱ्हातोय की.” गिऱ्हाइकालाही इंग्रजीचं तेवढंच ज्ञान, त्यामुळे ते खुशाल मान हलवायचं.

या अडचणीतूनच त्याला एक खोड लागली. जे इंग्रजी हाताखालून जाईल, त्यातले शब्द तो वहीत अक्षरांप्रमाणे टिपून ठेवायचा. झेड असलेले एका पानावर, क्यू असलेले दुसऱ्यावर, के आणि डब्ल्यू दोन्ही असलेले तिसऱ्यावर. तीस वर्षांत आठ वह्या भरल्या. अमुक तीन अक्षरं असलेला शब्द सांग म्हटलं, की तोंडातला घास गिळायच्या आत चार शब्द सांगायचा. अर्थाच्या भानगडीत तो कधी पडला नाही, आणि कुणी त्याला विचारलाही नाही. त्याच्या जुळणीत चूक सापडतच नसल्यानं गणपतरावांनी त्याची प्रुफं वाचायचंच सोडून दिलं होतं. बसाप्पानं जुळवलंय ना, मग चढवा मशीनवर, एवढंच ते म्हणायचे.

शहाण्णव साली छापखान्यात संगणक आला. गणपतरावांची सून पूर्णिमा इंग्रजी घेऊन पदवीधर झालेली. ती संगणकापुढं बसली आणि खिळे पोत्यांत भरून वितळवायला गेले. मालकांनी बसाप्पाला काढलं नाही, बाइंडिंगच्या टेबलावर पाठवलं. तिथं सुतळी कापायची आणि गठ्ठे बांधायचे. माणूस आतून पार खचला. आयुष्यभर अक्षरांत वावरलेल्या बोटांना आता सुतळीचे घट्टे पडायला लागले, याचं दुःख बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, पगार तोच आहे ना? तिचंही खरंच होतं.

पुढं दोन हजार एकच्या सुमाराला गावोगाव इंग्रजी शाळांचं पेव फुटलं. पोर घरात ‘वॉटर’ म्हणालं की आईबापांना स्वर्ग दोन बोटं उरायचा. पूर्णिमानं हे हेरलं आणि मुलांसाठी शब्दखेळांचं पुस्तक काढायचं ठरवलं. दिलेली अक्षरं असलेला शब्द शोधा, उत्तर शेवटच्या पानांवर. तिला त्या आठ वह्या आठवल्या. तिनं बसाप्पाला बाइंडिंगमधून उठवून आपल्या शेजारी बसवलं. पुस्तक चाललं तर दरवर्षी नवं निघणार होतं, म्हणजे हातपाय चालताहेत तोवर त्याला अक्षरांत राहता येणार होतं. त्याला दुसरं काहीही नको होतं.

त्यानं निवडून निवडून अकराशे शब्द काढून दिले. पूर्णिमा ते शब्दकोशात तपासणार होती, पण तिचे दिवस भरत आले आणि ती माहेरी गेली. शाळा उघडायला आठवडा उरला होता. गणपतरावांनी नेहमीचंच वाक्य म्हटलं आणि दोन हजार प्रती छापल्या.

जुलैत शिरोळच्या एका शाळेनं तीनशे प्रती परत पाठवल्या. बाराव्या पानावर झेड आणि के असलेला सात अक्षरी शब्द विचारला होता आणि मागं उत्तर होतं ‘झिकोरॅट’. एका पालकाचं शेतीऔषधांचं दुकान होतं. त्यानं ते नाव लगेच ओळखलं. ते उंदीर मारायचं औषध होतं. त्याची जाहिरात कधीकाळी बसाप्पानंच जुळवली होती. मग शोधायला बसल्यावर आणखी निघालं: गुरांच्या टॉनिकचं नाव, एका व्यापाऱ्याचं आडनाव, बंद पडलेल्या कारखान्याचं नाव. या छापखान्यात जे छापलं ते सगळं त्या वह्यांत शब्द म्हणून जाऊन बसलं होतं.

गणपतराव रागावले नाहीत. वाचलं नाही ही चूक माझी, असं ते चारचौघांत म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बसाप्पाला सोसलं असतं.

ऑगस्टअखेर पूर्णिमा बाळाला घेऊन परतली. तिनं शब्दकोश घेऊन सगळी यादी तपासली, चुकलेल्यांवर लाल खुणा केल्या आणि त्याला बोलावून घेतलं.

“मामा, अकराशेत अडतीसच चुकलेत. बाकीचे सगळे खरे शब्द आहेत. पुढच्या वर्षी पुस्तक पुन्हा काढूया.”

दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. बसाप्पानं खूण केलेल्या एका शब्दावर बोट ठेवलं, तिथून ते शेजारच्या शब्दावर नेलं.

“वैनी, तुमी लाल केलं म्हणून ह्ये खोटं आन् त्ये खरं. मला दोन्ही सारखीच दिसत्यात. तीस वर्सं सारखीच दिसत हुती, आन् मला वाटायचं, मला येतंय.”

रोज थोडे थोडे अर्थ सांगत जाईन, असं ती म्हणाली. त्यानं मान डोलावली, यादी तिच्या टेबलावर ठेवली आणि तो बाइंडिंगकडं निघून गेला. तिनं दोनदा बोलावणं धाडलं. तो आला नाही.

पुस्तक पुढं दरवर्षी निघत राहिलं. शब्द संगणक शोधायचा आणि गठ्ठे बसाप्पा बांधायचा. दोन हजार आठ साली तो घरी बसेपर्यंत त्यातली एकही प्रत त्यानं उघडून बघितली नाही.