शेवटच्या बांधीचं पाणी

आमच्या गावच्या बोडीखाली, म्हणजे शेतापुरत्या लहानशा तळ्याखाली, धानाच्या ज्या बांध्या, बांध घातलेली खाचरं, आहेत त्यांतली अगदी शेवटची बाबांच्या वाट्याची. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, आणि आमच्यापर्यंत येता येता ते जमिनीनंच पिऊन टाकलेलं असतं. बाबांचं अर्धं आयुष्य वरच्यांकडे बघण्यात गेलं. म्हणून मी संगणक पाण्यानं थंड करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटी कोन हाय?"

मी संगणकावर घरांची चित्रं करते. नागपूरच्या एका कार्यालयासाठी, अजून न बांधलेल्या बंगल्यांची, फोटोसारखी दिसणारी. आई गेल्यावर बाबा सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात एकटे पडले, म्हणून मी काम घरी घेऊन आले. अट एकच, चित्रं वेळेवर पोहोचली पाहिजेत. हिवाळ्यात पोहोचली. होळी झाली आणि कवेलूच्या छपराखाली संगणक दुपारचा तापून आपोआप बंद पडायला लागला. उन्हाळ्यात तो चालला तर मी घरी राहणार, नाहीतर नागपूर गाठणार. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, बोलत मात्र कोणीच नव्हतं.

पंपानं पाणी ढकलायचं, संगणकाच्या तापणाऱ्या भागांवर बसवलेल्या तांब्याच्या दोन ठोकळ्यांतून ते न्यायचं, पंखे लावलेल्या जाळीतून गार करून परत पंपाकडे आणायचं. सामान कुरियरनं मिळतं. पाणी किती फिरेल ते मात्र ज्याचं त्यानं काढायचं. अडथळा वाढला की पंप कमी पाणी देतो, आणि जास्त पाणी रेटायला गेलं की अडथळा वाढतो. कागदावर दोन रेषा काढायच्या, एक पंपाची उतरती, एक अडथळ्याची चढती. त्या एकमेकींना छेदतात तेवढंच पाणी फिरणार. मला हे फार आवडलं. आमच्याकडे पाण्याबद्दल आधी काहीच सांगता येत नाही, म्हणून मला याचंच अप्रूप.

दोन्ही ठोकळे एकामागे एक जोडलेले बघून बाबांनी मान हलवली. "दुसऱ्याले पानी पुरनार नाई, बाई. वरचा पिऊन टाकते. दोन तोंडं काढ, दोघाईले सारखं जाईल."

आणि मला ते पटलं! रेषा काढणारी मी, पण लहानपण त्याच बांधावर गेलेलं. बंद नळीत पाणी मुरत नाही, पहिल्यातून जेवढं जातं तेवढंच शेवटच्यातून बाहेर पडतं, हे वाचलेलं होतं पण अंगात उतरलेलं नव्हतं. दोन तोंडं काढली, निम्मं निम्मं पाणी धरलं. पाणी आपलं सोप्या वाटेनं गेलं. एका ठोकळ्यातल्या वाटा रुंद, बहुतेक सगळं तिकडून निघून गेलं. दुसऱ्यातल्या अगदी बारीक, तो उपाशीच राहिला. संगणक पूर्वीपेक्षा लवकर बंद पडला.

"म्हंजे इथी बी तेच," बाबा म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

सगळं सोडवून पुन्हा एकामागे एक जोडलं. कुठे गळतं का ते बघायला संगणक बंद ठेवून पंप तेवढा वेगळ्या अडॅप्टरवर चालवून ठेवतात, ते मी बाबांना शिकवलं. निळा रंग घातलेलं पाणी नळीतून फिरताना ते तासन्‌तास बघत बसले. मग मी नळी सोडून लोट्यात पाणी धरलं, घड्याळ लावलं. कागदावरच्या आकड्याच्या अगदी जवळ आलं. मी टाळी वाजवली.

"मंग आता राहशील ना इथीच?" त्यांनी विचारलं.

"राहीन," मी म्हणाले.

नव्याचे नऊ दिवस. मे आला. पाण्याचा हिशेब अजूनही बरोबरच होता, पण फिरणारं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही, आणि आमच्याकडे दुपारची हवा म्हणजे चुलीची झळ. जाळी कूलरसमोर ठेवली. भर दुपारी व्होल्टेज इतकं पडायचं की कूलरची पाती मोजता यावीत. बाबा उन्हातून हापशीच्या बादल्या आणून कूलरमध्ये ओतत राहिले. मी नको म्हणाले, ते ऐकेनात. एक बंगला वेळेवर पोहोचला नाही. मग दुसरा. कार्यालयातून फोन आला, इथे एसी आहे, येऊन बसा. त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. कोणाशी भांडायचं? उन्हाशी?

"जाय," बाबा म्हणाले. "पानी पडलं का ये."

पाऊस आला, गेला. कार्यालयानं मला कायमची खुर्ची दिली आणि मी ती घेतली. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. संगणक मी सोबत आणला. एसीत त्याला साधा पंखा पुरतो. नळ्या, पंप, ठोकळे सगळं जोडलेलं तसंच घरी टेबलावर राहिलं.

परवा फोनवर त्यांच्या आवाजामागे बुडबुड ऐकू आली. मी विचारलं, कशाचा आवाज आहे?

"तुयं पानी फिरवून राह्यलो," बाबा म्हणाले. "उभं राह्यलं तर सडते ना. रोज लावतो थोडा वेळ. कुठीच गळत नाई, बाई. तू आली का फक्त जोडाचं."

मी हो म्हणाले.