वरच्या मजल्याचा क्लेम

थंडीच्या दिवसांत फोंतेला गावात चूल पेटलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची घरं मोठी, दुमजली, बाहेरून चकचकीत फरशांनी मढवलेली, आणि कुलूपबंद. त्यांचे मालक फ्रान्समध्ये लोकांच्या भिंती बांधत, लोकांचे जिने पुसत आणि ऑगस्टमध्ये महिनाभर गावाला येत. देओलिंदा कधीच गेली नाही. दोन भावंडांपैकी तीच मागे राहिली, आईवडिलांचं करायला. ते गेले, मग नवरा गेला. उरलं काय, तर कोंबड्या, चेस्टनटची चार झाडं आणि गल्लीपलीकडचं दादाचं घर.

झेफेरिनु दादा गवंडी. फ्रान्समध्ये लियोंजवळ दुसऱ्यांची घरं बांधता बांधता त्याने स्वतःचं घर सुट्टीसुट्टीत उभं केलं. एका ऑगस्टमध्ये पाया, पुढच्या ऑगस्टमध्ये खांब, मग दोन वर्षं पैसे नाहीत म्हणून नुसत्या सळया आभाळाकडे तोंड करून. शेवटी घर झालं तेव्हा दादाचे गुडघे गेले होते आणि मुलं फ्रेंच बोलत होती.

घर झालं तरी त्यात राहायचं नव्हतं. म्हणजे खाली राहायचं. खाली चूल, लांब टेबल, गॅरेजमध्ये गाद्या; माणसं जास्त झाली तर एकमेकांच्या पायांवर पाय टाकून झोपायचं. वरचा मजला मात्र राखायचा. तिथे चेस्टनटच्या लाकडाची पॉलिश केलेली जमीन, काचेचं कपाट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं झुंबर आणि एकदाही न वापरलेली न्हाणी. निवृत्त होऊन परत आल्यावर दादा-वहिनी वर राहणार होते. गावात सगळ्यांचं असंच होतं, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

दर सप्टेंबरला निघताना ओडेत वहिनी गाडीच्या खिडकीतून तेच सांगे. "देओलिंदा, खालच्या खिडक्या रोज उघड हं. पण वर जाऊ नकोस बाई. कोंबड्यांच्या खुराड्यातून येतेस तशीच चढशील माझ्या लाकडावर."

"कोंबड्या तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत वहिनी," देओलिंदा म्हणे. दादा हसे, गाडी निघून जाई.

आणि ती खरोखर वर जात नसे. रोज सकाळी खालचं दार उघडायचं, हवा खेळू द्यायची, रविवारी चूल पेटवून भिंतींची ओल घालवायची. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने धुळीचा फडका ठेवला होता, त्याच्यापुढे तिचं काम नव्हतं. हे घर तिचं नव्हतं, पण दादाला परत आणणारी एवढी एकच गोष्ट जगात होती, हे तिला ठाऊक होतं. मुलं त्याला तिकडे धरून ठेवायची. इकडे ओढणारं फक्त घर.

त्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. ईस्टरनंतर येतोय, कायमचा. फ्लॅट सोडत असल्याचं घरमालकाला कळवलंय. देओलिंदाने त्या रात्री सॉसेज धुरावर टांगताना दोन जास्त टांगले.

जानेवारीत जीवघेणी थंडी पडली. वरच्या न्हाणीतल्या नळाचा सांधा गोठून तडकला असणार. धो धो पाणी आलं असतं तर कळलं असतं. ते आलं नाही. थेंब थेंब लाकडाखाली मुरत राहिलं. खालच्या छतावर चुलीच्या बाजूला एक डाग दिसायला लागला. देओलिंदाला वाटलं, चुलीच्या वाफेने झाला असेल. तिने त्या रविवारी जरा मोठा जाळ केला, एवढंच.

मग एका सकाळी छताचा गिलावा लांब टेबलावर येऊन पडला. तेव्हा ती पहिल्यांदा फडका ओलांडून वर गेली. जमिनीच्या फळ्या फुगून उभ्या राहिल्या होत्या, कोणीतरी खालून ढकलल्यासारख्या. भिंतींवर काळी बुरशी कमरेपर्यंत. काचेचं कपाट कलून भिंतीला टेकलेलं. ती दारातच उभी राहिली. आत पाय टाकायला तेव्हाही तिचा जीव धजला नाही.

दादाने फ्रान्समध्ये बँकेतून विमा काढला होता, परदेशातल्या घराचा. तो म्हणाला, "घाबरू नकोस. इतकी वर्षं हप्ते भरलेत ते कशासाठी?"

विमा कंपनीने ब्रागांसा शहरातून एक सर्व्हेअर पाठवला. नेवेश नावाचा, तिच्या मुलाच्या वयाचा, असता तर. चांगला माणूस होता. त्याने फोटो काढले, फळ्या उचकटून पाहिल्या. देओलिंदाने त्याला चुलीशी बसवून सॉसेज आणि वाइन दिली. पाहुणा म्हणजे पाहुणा.

"मावशी, घराकडे तुम्हीच बघता?"

"मीच. रोज येते. एक दिवस चुकवला नाही, ताप असला तरी."

"वर शेवटचं कधी गेला होतात?"

"वर?" तिला हसू आलं. "वर कोण जातंय बाबा. सप्टेंबरात वहिनीने दार लावलं, ते गिलावा पडला तेव्हाच उघडलं. माझ्या पायाची धूळसुद्धा लागलेली नाही तिथे. विचारा कोणालाही."

त्याने मान खाली घालून लिहून घेतलं. "सही कराल?"

तिने केली, आणि अभिमानाने केली. इतकी वर्षं राखलेल्या गोष्टीची कोणीतरी लेखी नोंद घेत होतं.

क्लेम नामंजूर झाला. घर बंद असेल तेव्हा दर पंधरा दिवसांनी कोणीतरी ते पूर्ण पाहून जावं, अशी अट होती. पूर्ण म्हणजे वरचाही मजला. दादाने ती सही करून मान्य केली होती, न वाचता, जसं सगळे करतात.

फोनवर आधी वहिनी होती. "कोणी विचारलं होतं तुला खरं-खोटं? रोज वर जाते म्हणायचं. जीभ झडली असती का?"

"तूच म्हणालीस वर जाऊ नको."

"मी म्हणाले लाकडावर चालू नको. डोळे मिट म्हणाले होते का?"

मग दादा आला. त्याचा आवाज थकलेला होता, ते तिला जास्त लागलं. "देओलिंदा, मी अपील करतोय. वकील म्हणतो, तू नवा जबाब दे. आधी घाबरून चुकीचं बोललीस असं सांग. दर आठवड्याला वर जात होतीस, आणि नळ एकाएकी फुटला."

"दादा, अख्ख्या गावाला माहीत आहे मी वर जात नाही ते."

"गावात आहे कोण?"

ते खरंच होतं. शेजारची म्हातारी बाल्बिना सोडली, तर गल्लीत साक्षीला मांजरही नव्हतं. देओलिंदा दोन दिवस नीट जेवली नाही. चर्चमध्ये जाऊन बसली, कबुली द्यायला पाद्रीपुढे गेली आणि काहीबाही बोलून परत आली. बाल्बिना म्हणाली, "कर ना सही. देवाला विमा कंपनीचा एवढा काय पुळका असणार?"

तिने सही केली. दादा परत यायला हवा होता, दुसरं काही नाही. नेवेश पुन्हा आला, या वेळी चुलीशी बसला नाही. कागद वाचून तिच्याकडे बघत म्हणाला, "मावशी, नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. बोलताना ती त्याच्या बुटांकडे बघत होती.

निकाल दादाने फोनवर वाचून दाखवला, फ्रेंच वाक्यं थांबत थांबत उलगडून सांगत. बाई दर आठवड्याला वर जात असेल, तर लाकडात मुरलेली ओल तिला दिसायलाच हवी होती. ही ओल एका दिवसाची नाही. दिसूनही काही केलं नसेल, तर तो हलगर्जीपणा. आणि दोन जबाब जुळत नसल्यामुळे प्रकरण कायमचं बंद.

"म्हणजे खरं बोलले तरी गेलं आणि खोटं बोलले तरी गेलं," देओलिंदा म्हणाली.

दादाने कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. तीच पुढे म्हणाली,

"तू ये ना. मी साफ करते. फळ्या काढून टाकू, खाली राहा."

"ओडेत म्हणते, आयुष्यभर खालीच राहिलो." दादा म्हणाला, "आणि माझ्याने आता पुन्हा बांधणं होणार नाही गं. फळी उचलवत नाही."

ईस्टर झाला. फ्लॅट हातचा गेलेला, म्हणून ते मुलीकडे राहायला गेले, नातवाच्या खोलीत. ऑगस्टमध्ये फ्रेंच नंबरप्लेटच्या गाड्यांनी गल्ली भरली, देवीची मिरवणूक निघाली, फटाके उडाले. देओलिंदाने स्वतःच्या घरातली आतली खोली रिकामी करून ठेवली होती, नव्या चादरी घालून. दादाचं घर समोर असताना दादाला आपल्याकडे पाहुणा म्हणून बोलवायचं, हे कसं बोलायचं याचा ती आठवडाभर विचार करत होती. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला.

"या वर्षी नाही जमत," दादा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

पाठीमागे भांड्यांचा आवाज येत होता. वहिनीने विचारलं, कोणाचा फोन आहे.

"कोणी नाही," दादा तिला म्हणाला. "गावाकडचा आहे."