रामटेके काकांचं धुकं

रोज सकाळी रामटेके काका गच्चीवर जाऊन तीन गोष्टी दिसतात का ते बघायचे. जवळची पाण्याची टाकी, त्यामागचा मोबाइलचा टॉवर आणि पार लांबची धुरांडी. काय दिसलं, काय नाही, ते वहीत उतरवायचे. नागपुरात ही माहिती कोणालाही नको होती. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवते. शाळेला पळताना जिन्यात हमखास त्यांची गाठ पडायची.

"आज धुकं आहे ना काका," असं चुकून बोलून गेले की संपलंच. "टॉवर दिसून राहिला ना वं, मास्तरीणबाई. मंग धुकं कसं? धुरकट म्हन. जे दिसते ते लिहाचं, जे वाटते ते नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी शेवटी मला त्याचा वीट आला होता.

काका हवामान खात्याच्या वेधशाळेत निरीक्षक होते. नोकरीतली नऊ वर्षं कोकणात, समुद्रकाठी. तिथं एक काचेचा गोळा असे. ऊन पडलं की खालच्या कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटायची, ती मोजली की दिवसाचं ऊन कळायचं. गल्लीतलं कोणीही कोकणात निघालं की आधी काकांकडे जाई. समोरच्या घरातले एकदा जुलैत निघाले. नागपूरकराला ऊन न मागता मिळतं, ते कुठं कमी पडेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. काका म्हणाले, "दोन तास भेटलं तं नशीब समज. चड्ड्या-बनियन जास्तीचे ने गा, वाळनार नाही." परत आले तेव्हा त्यांच्या बॅगेला बुरशीचा वास येत होता.

यमुनाकाकूंनी मात्र समुद्र पाहिला नव्हता. सासू-सासऱ्यांचं करायला त्या इथंच राहिल्या होत्या. "नऊ वर्सं ह्या मानसाले ज्यानं ठेवून घेतलं," त्या म्हणायच्या, "त्याचं तोंड तं पाहू द्या मले एकदा."

काका नाही म्हणत नसत. वही काढत. जानेवारीत खाडीवर सकाळचं धुकं असतं. मार्चात आकाश-पाण्याची रेघ पुसट होते. मेमध्ये ढग जमायला लागतात, आणि पुढचे चार महिने बोलायचंच नाही. त्यांना काकूंना समुद्र दाखवायचा तर स्वच्छ, पार टोकापर्यंतचा दाखवायचा होता. "अवो, मले पट्टी नाई मोजाची, पानी पाहाचं हाय," काकू म्हणायच्या. असं करत किती वर्षं गेली, ते वहीतही नसेल.

मग काकूंना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवा. तीही टिकेना. काकांनी घाईघाईनं फेब्रुवारीतला आठवडा ठरवला. हात धरायला कोणीतरी हवं म्हणून मी सोबत गेले. त्या वर्षी मी स्वतःच घरच्या दुखण्यांनी आणि शाळेनं पिचलेली होते. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून गेले.

पोचलो त्या सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. लांबचं दीपगृह दिसत होतं, त्याच्या पलीकडची होडी दिसत होती, आणि पाण्याची रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ. इतकी वर्षं काका ज्या सकाळची वाट पाहत होते, ती हीच. काकू वाळूत उभ्या राहिल्या, चेहरा समोर धरला. मग त्यांनी विचारलं, "अवो, सारं पांढरंच दिसून राहिलं. धुकं हाय काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हो वं," ते म्हणाले. "लय धुकं हाय आज. उतरन उद्या."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. गाडीत काका खिडकीशी बसून होते, वही मांडीवर बंद. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही, आणि दोन्हींचा थकवा आला होता. परतल्यावर गच्चीवर जाणं त्यांनी सोडलं.

यंदा पावसाळ्यानंतर काका गेले. पंधराएक दिवसांनी काकूंनी मला वर बोलावलं. "त्या दिवसाचं काय लिहिलं हाय, वाच मले."

मी काकांच्या वहीतलं ते पान काढलं. असली नोंद कोणी नवशिक्याही करणार नाही. तरी वाचलं. "ऊन: दिवसभर. धुकं: दाट, दिवसभर." त्यानंतरची पानं कोरी होती.

"काकू," मी म्हटलं, "त्या दिवशी..."

"माहीत हाय मले. गाल भाजून राहिले होते माये. धुक्यात कुठं गाल भाजते वं?" त्यांनी हात पुढे करून वही मागितली आणि त्या पानावर तळवा ठेवला. "पन बरोबर लिहिलं त्यायनं. दोन्ही होतं."