छत्तीस मिनिटांची टेस्ट

सहा उमेदवारांच्या सहा फाइल्स मी एकाच टाइमलाइनवर ठेवल्या आणि माझा हात माऊसवरच थांबला. टाइमलाइन म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधली पट्टी. चित्रं आणि आवाज तिच्यावर एकापुढे एक लावत जायचे, की फिल्म तयार होते. मला सहा टेस्ट नुसत्या बघून शेरा लिहायचा होता. पण पहिल्या मुलाचा तुकडा जिथे संपत होता, तिथूनच दुसरीचा सुरू होत होता. एकाच्या शेवटच्या शॉटमध्ये कामगार मास्क लावत होता. पुढच्या मुलीच्या पहिल्या शॉटमध्ये तोच कामगार, तोच मास्क लावून टाकीजवळ उभा. कुठेही एक सेकंद दोनदा येत नव्हता. सहा जण, प्रत्येकी सहा मिनिटं. छत्तीस मिनिटांची पूर्ण सेफ्टी फिल्म माझ्यासमोर तयार होती.

ही फिल्म तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यासाठी होती. नवीन कामगार गेटमधून आत घेण्याआधी त्याला दाखवतात ती. शूटिंग आम्ही केलं होतं. एडिटिंग आणि मराठी निवेदन बाकी होतं. आमच्या स्टुडिओच्या मालकांनी, सरांनी, मला पेनड्राइव्ह देऊन सांगितलं होतं, "एडिटरची जागा भरायची आहे. प्रत्येकाला यातला एकेक फोल्डर मेल कर." मी केला. फोल्डर उघडूनही बघितला नाही. वर प्रत्येकाला माझ्याकडून एक ओळ लिहिली, 'मन लावून करा, इथे चांगलं शिकायला मिळतं.'

ती ओळ मी खरं मानून लिहिली होती. मी सालवडची. बाबा जळगावकडून इथे कारखान्यात लागले, पोती उचलण्यापासून सुरुवात केली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. फिल्म स्टडीज घेतलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "सिनेमा बघायला पण डिग्री लागते का गं?" पदवी घेतल्यावर वर्षभर मी अर्ज करत होते. या विषयात कामं नसतात असं नाही. सबटायटल्स असतात, जुन्या फिल्म्सची नोंद ठेवणं असतं, कंपन्यांच्या ट्रेनिंग फिल्म्स असतात. पण प्रत्येक ठिकाणी अनुभव मागतात. बोईसरच्या या चार माणसांच्या स्टुडिओने मला अनुभव नसताना घेतलं. सरांचा फोटो देव्हाऱ्यात ठेवायचा तेवढा बाकी होता.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, टेस्ट सगळ्यांना वेगवेगळी दिली आहे."

"मग? एकच दिली तर कॉपी करतात पोरं."

"सहाही तुकडे जोडले की आपली फिल्म होते."

"अरे वा, म्हणजे तुझं काम सोपं झालं." ते हसले. "सगळ्या तुकड्यांचा कलर सारखा करून घे. शुक्रवारी क्लायंटला दाखवायची आहे."

"जागा किती आहेत सर?"

"बघू. क्लायंट आधी खूश होऊ दे."

"जागा आहे का?"

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "तू काय केलं होतंस टेस्टला? सात मिनिटं ना? तुला वाटलं ती नुसती टेस्ट होती? शिकलीस ना त्यातून? मग."

मी बाहेर आले. सात मिनिटांच्या त्या टेस्टचा मला फार अभिमान होता. बाकीची मिनिटं कुणी केली आणि ती माणसं कुठे गेली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला राग आला. त्याहून जास्त नोकरी जाण्याची भीती वाटली. मी कलर सारखा करत बसले.

सहा जणांमध्ये इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची प्रणाली होती. कोळ्याची पोर, माझ्यासारखीच घरातली पहिली पदवीधर. तिला वायुगळतीचा भाग आला होता. कारखान्यात उंच खांबावर कापडी पिशवी लावलेली असते, वाऱ्याने फुगते आणि वारा कुठे वाहतोय ते दाखवते. आम्ही तिचा शॉट असाच, मध्ये कुठेतरी जागा भरायला म्हणून घेतला होता. प्रणालीने तोच सुरुवातीला लावला होता. आमच्या स्क्रिप्टमध्ये होतं, 'वायुगळती झाल्यास सुरक्षित दिशेने मार्गक्रमण करावे.' तिने लिहिलं होतं, 'आधी वर बघा. वारा कुठून येतोय ते बघा. मग वाऱ्याला आडवे निघा. वारा नेतो त्या बाजूला धावू नका, वायूही तिकडेच चाललाय.' फिल्म शिकलेल्या माणसाने शॉटला अर्थ द्यायचा म्हणजे काय करायचं, ते तिने केलं होतं.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला.

"ताई, माझा कसा झाला हाय? एका औषध कंपनीत पॅकिंगला लागलीय मी. शनिवारी जॉइन हाय. त्यांना उद्या सकाळी हो-नाय कळवायचा हाय. तुमच्याकडे होनार असेल तर मी तिकडे जात नाय."

सर समोरच उभे होते. मी म्हणाले, "तुझं काम सगळ्यांत चांगलं झालंय. बाकीचं सरांना विचारून सांगते."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सरांना मी विचारलं मात्र नाही.

शुक्रवारी अकरा वाजता कारखान्याच्या ट्रेनिंग हॉलमध्ये फिल्म लावली. सेफ्टी ऑफिसर वयस्कर गृहस्थ होते. वायुगळतीचा भाग संपला तसं त्यांनी थांबवायला सांगितलं आणि तो भाग पुन्हा बघितला.

"हे कुणी लिहिलं? वीस वर्षं मी लोकांना ही पिशवी दाखवतोय. कुणी वर बघत नाही."

"आमची टीम आहे साहेब," सर म्हणाले.

मी उभी राहिले. "प्रणालीने लिहिलं. नवापूरची आहे."

"ट्रेनी आहे आमची," सर पटकन म्हणाले.

"ट्रेनी नाही. तिला कामावर घेतलेलंच नाही. अशा सहा जणांनी ही फिल्म केली आहे, नोकरीची टेस्ट म्हणून. आणि नोकरी नाहीच आहे."

ऑफिसरनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग घड्याळाकडे.

"हा तुमच्या घरातला विषय आहे," ते म्हणाले. "मला फिल्म सोमवारी पाहिजे."

माणसांचा जीव वाचवायची फिल्म बघून हा माणूस असं बोलला. सरांनी मला पार्किंगमध्येच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस. लायकी नव्हती तुझी, मी उभी केली तुला."

"सात मिनिटांत फेडलं मी ते," मी म्हणाले आणि गेटबाहेर जाऊन प्रणालीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मी सकाळीच त्यांना नाय सांगितला," ती म्हणाली. "तुमी बोलल्या ना, सगळ्यांत चांगला झालाय. तुमाला कवापासून माहीत होता?"

"मंगळवारपासून."

"आनि तुमी आज सांगता."

पॅकिंगची ती जागा गेली होती. तिने त्याच दिवशी जाऊन विचारलं, दुसरी मुलगी घेतली होती. मग मी बाकीच्या पाच जणांना फोन केले. शनिवारी आम्ही सात जणांनी स्टुडिओला एक मेल लिहिला, कारखान्यालाही प्रत पाठवली. कामाचं अनुभवपत्र द्या, नाहीतर आमचे तुकडे काढा. सोमवारी फिल्म द्यायची होती. तुकडे काढले असते तर उरलं असतं फक्त स्टुडिओचं नाव. रविवारी सहाही जणांना लेटरहेडवर पत्रं मिळाली. मला मिळालं नाही.

प्रणाली चार महिने घरीच होती. मग ते पत्र आणि पिशवीचा तो शॉट दाखवून तिला सबटायटल्सचं काम मिळालं. आमचं बोलणं होतं. पण आता ती मला ताई म्हणत नाही, मॅडम म्हणते. मी तिला ताई म्हण असं सांगू शकत नाही.

आता मी सुटी कामं घेते. पालघरच्या मुलांना टेस्ट आली की ती मला विचारतात. मी सांगते, एकच प्रश्न विचारा, बाकीच्यांनाही हाच तुकडा दिलाय का? दिला असेल तर ती टेस्ट आहे. नसेल तर ते काम आहे, आणि काम कामावर घेतल्यावर करायचं असतं. आणि तुमच्यापैकी जो उद्या अशा स्टुडिओत कामाला लागून इतरांना टेस्ट पाठवेल, त्याला हे सगळ्यांआधी कळेल. त्याने उमेदवारांना फोन त्याच दिवशी करावा.