नुसत्या आवाजाची बंदूक

धरणेंद्र आण्णांच्या हातून आजवर मुंगीही मेली नाही, असं तवंदीच्या डोंगराखालच्या त्या गावात सगळे सांगतात, आणि ते बरंचसं खरं आहे. गाळल्याशिवाय ते पाणी पीत नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात, बैलाला चाबूक ओढणाऱ्याला भर रस्त्यात थांबवून सुनावतात. उसाचा पाला पेटवायच्या दिवशी मात्र ते रानात थांबत नाहीत. पेटवायला सिद्राम असतो. आपण बघितलं नाही म्हणजे झालं नाही, एवढी सवलत बहुतेक भली माणसं स्वतःला देऊन टाकतात.

हा सिद्राम आण्णांच्याच वयाचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या रानात राबलेला. आण्णांनी सांगावं आणि सिद्रामनं "व्हय आण्णा" म्हणावं, यात दोघांचा जन्म गेला. त्याची मुलगी उपासना शिकली, बेळगावात बँकेत लागली, पिरनवाडीला घर घेतलं आणि बापाच्या मागं लागली की आता पुरे, माझ्याकडं चला. सिद्राम गेला नाही. आण्णांचं रान कोण बघणार, म्हणाला.

त्या रानात डोंगरातली हरणं उतरायला लागली. भुईमूग भरात आला की कळपच्या कळप यायचा आणि सकाळी नुसती उखडलेली माती दिसायची. आण्णांनी जुन्या साड्या बांधल्या, डबे टांगले, फटाके उडवले. पहिले काही दिवस हरणं बिचकली, मग फटाका वाजला तरी मान वर करून बघायची आणि पुन्हा खायला लागायची. शेवटी पीक राखण्यासाठी म्हणून बंदुकीचा परवाना मागितला. हेलपाटे घालून घालून चपला झिजल्यावर तो मिळाला. हरणाला छर्रा जरी लागला तरी तुरुंगात जाल, असं कचेरीतल्या साहेबांनी बजावून ठेवलं होतं. आण्णा म्हणाले, मारायचं कुणाला आहे, मला फक्त आवाज पाहिजे.

बेळगावच्या दुकानात ते सिद्रामला घेऊन गेले, कारण बंदूक धरणार तोच होता. आण्णांच्या मुलानं, श्रेयांसनं, मोबाइलवर बघून सांगितलं होतं की हरणांसाठी रायफलच घ्या, स्वस्तातली बघा. दुकानदार मारुतीराव हसला. रायफलीची गोळी हरणाला चुकली तर पुढच्या गावात जाऊन पडेल, तुमच्या परवान्यावर ती मिळायचीही नाही, म्हणाला, आणि त्यानं दोन बंदुका काढून ठेवल्या. एक एकनळी, कुणीतरी वापरून विकलेली, पण ठणठणीत. बिजागरीपाशी मोडली की नळी उघडायची, काडतूस घातलं की मिटायची. दुसरी ठासणीची, फार जुनी. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा, की टोपीची ठिणगी बोंडाच्या भोकातून आतल्या दारूला लागते. किंमत एकनळीच्या पावपट.

सिद्रामनं एकनळी उचलली, उघडली, एक डोळा मिटून नळीतून रस्त्याकडं बघितलं, मिटली, परत उघडली. त्याला ती आवडली होती. आयुष्यात त्यानं आण्णांना फारसं काही सुचवलं नव्हतं, त्या दिवशी सुचवलं.

"आण्णा, ही घेऊया की. आत काय हाय ते डोळ्यानं दिसतंय."

आण्णांना ते पटत होतं. पण त्यांनी काडतूस हातात घेऊन विचारलं, यात छर्रे असतातच का? मारुतीराव म्हणाला, असतातच, ते तयारच येतं. आणि ठासणीच्या बंदुकीत? तिच्यात तुम्ही घालाल तेच. नुसती दारू घातली तर नुसता आवाज. झालं, आण्णांचा निर्णय तिथंच झाला. जिच्यात छर्रा घालावाच लागत नाही, ती बंदूक अहिंसेची. शिवाय पावपट किमतीची. धर्म आणि स्वस्ताई एका बाजूला उभी राहिली की दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघायला कोण जातंय? मारुतीरावानं एवढंच म्हटलं की नळी जुनी आहे, जपून. सिद्रामनं एकनळी हळूच काउंटरवर ठेवली.

पहिल्याच संध्याकाळी बार उडाला तेव्हा कळप असा उधळला की आण्णा बांधावर उभे राहून लहान पोरासारखे हसले. रक्ताचा थेंब न सांडता रान राखलं, हे त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चार जणांना सांगितलं. पण हरणं काही वेडी नसतात. आवाज होतो आणि काहीच होत नाही, हे त्यांना कळायला फार दिवस लागले नाहीत. मग आण्णा म्हणायला लागले, सिद्रामा, आज आवाज जरा बारीक वाटला. सिद्राम चिमूटभर दारू जास्त घालायचा. पुन्हा काही दिवसांनी, सिद्रामा, आज पण बारीकच. व्हय आण्णा. बार उडाला की सिद्रामचा खांदा मागं फेकला जायचा आणि नळी इतका वेळ तापलेली राहायची की ती भिंतीला टेकवून ठेवायलाही त्याला भीती वाटायची. हे त्यानं बायकोला, सुलाबाईला सांगितलं. आण्णांना सांगितलं नाही.

सुलाबाईनं ते लेकीला सांगितलं. उपासना रविवारी आली, बापाचा काळानिळा खांदा बघितला आणि तडक आण्णांच्या सोप्यात जाऊन उभी राहिली. आण्णांनी तिला बस म्हटलं, चहा सांगितला. ती बसली नाही.

"काका, बंदूक तुमची, रान तुमचं. मग ती श्रेयांसदादाच्या हातात का देत नाही?"

"आमच्यात चालत न्हाय ते, बाळ," आण्णा म्हणाले. त्यांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं की बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. उपासना निघून गेली. चहा तसाच राहिला.

भाद्रपदात दहा दिवसांचं पर्युषण पर्व लागलं. पर्व सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी सिद्राम बंदूक ठासून तयार बसला होता, तेवढ्यात आण्णा रानात आले आणि म्हणाले, आता पर्व संपेपर्यंत बार नाही. जीव मरत नसला तरी भितो, आणि या दिवसांत कुणाला भिववायचंही नाही. सिद्राम म्हणाला, भरलीया आण्णा, एकदा उडवून रिकामी करतो. आण्णांनी मान हलवली. राहू दे तशीच.

ती तशीच राहिली. रानातल्या खोपटाच्या मधल्या खांबाला, मेढीला, भरलेली बंदूक लटकत होती आणि तिच्या खाली बसून सिद्राम रोज भाकरी खात होता. पावसाची झड लागली होती. हरणं आता भर दिवसा यायची, खोपटाच्या तोंडापर्यंत. सुलाबाई डबा घेऊन आली की आत पाऊल टाकायची नाही, बाहेरूनच द्यायची. आण्णा उपास करत होते, स्वाध्याय करत होते, पण त्यांचं अर्धं मन त्या मेढीवर होतं. आपण काहीतरी अर्धवट सोडलंय, एवढं त्यांना जाणवत होतं. काय, ते नीट बघायला मात्र ते तयार नव्हते.

पर्व संपल्यावर दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं रानात गेले. कळप समोरच होता. सिद्रामनं नेम आभाळाकडं धरला आणि चाप ओढला. टोपी फट्ट वाजली, बार उडाला नाही. दुसरी टोपी घातली, तेच. एका हरणानं यांच्याकडं बघितलं आणि ते शांतपणे चरायला लागलं. आण्णांचा पारा चढला.

"दारू सर्दली असंल. वरनं कोरडी घाल आणि ठास."

"आण्णा, आत पैली हाय न्हवं."

"अरं, तिचा चिखल झाला असंल. घाल म्हणतो न्हवं."

सिद्रामनं बंदूक उभी धरली. मग म्हणाला, व्हय आण्णा. त्यानं दारू ओतली, चिंधी कोंबली, गज मारला. बोंडाचं भोक काजळीनं बुजलं असेल म्हणून दाभण घालून ते मोकळं केलं, नवी टोपी बसवली. आण्णांना तेव्हा एकदम वाटलं की थांब म्हणावं. शब्द अगदी ओठापर्यंत आला होता. पण आत्ताच घाल म्हटलं आणि आत्ताच नको कसं म्हणायचं?

आतली दारू सर्दली नव्हतीच, नुसतं भोक बुजलं होतं. दोन्ही बार एकदम पेटले आणि नळी मधोमध फुटली. हरणं गेली. सिद्राम उभाच होता, आपल्या डाव्या हाताकडं बघत, आणि मनगटापुढं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बेळगावच्या दवाखान्यात हात मनगटापासून काढला. एका डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नव्हते. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा सिद्रामनं सांगितलं की दोनदा भरली, माझीच चूक. आण्णा दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि हवालदार निघाला तेव्हा बाजूला होऊन त्याला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी क्षमावणी. वर्षभरात कळत नकळत ज्याला दुखावलं, त्याच्यापुढं हात जोडायचा दिवस. आण्णा सकाळी गावात कुणाकडंच गेले नाहीत, पहिल्या बसनं दवाखान्यात आले. खाटेपाशी उभं राहून त्यांनी हात जोडले. दरवर्षी घडाघडा म्हणायचे ते शब्द त्यांना आठवेनात. एवढंच म्हणाले, "सिद्रामा, माफ कर मला." आणि त्यांना रडू फुटलं. ते रडणं खरं होतं, त्यात खोट काढता येणार नाही.

सिद्राम पट्टीआडून लगेच म्हणाला, "व्हय आण्णा."

आण्णांना हायसं वाटलं. अगदी क्षणभर. खाटेच्या पलीकडं उपासना बसली होती, सुलाबाईकडून तिला खरं काय ते कळलं होतं. ती उठली.

"काका, तुम्ही भर म्हणालात, त्यांनी भरली. तुम्ही माफ कर म्हणालात, त्यांनी केलं. बाबांनी तुम्हाला आजवर कशाला नाही म्हटलंय?"

ती पाण्याची बाटली भरायला बाहेर निघून गेली. सिद्राम डोळा मिटून पडला होता. आण्णांचे हात जोडलेलेच राहिले. ते आता खाली घ्यायचे की कसं, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.