हजेरीपटात नसलेले दोन महिने

जळगावच्या कॉलेजात तास चालू असताना शिपाई दारात यायचा आणि सरांकडे न बघता म्हणायचा, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. तो आमची डोकी मोजायचा आणि सांगायचा, अमुक कागद उद्यापर्यंत ऑफिसात द्या. हेच नोटीस बोर्डावर लावता आलं असतं. बोर्ड वर्गाच्या दाराला लागूनच होता. पण ऐंशीच्या दशकातल्या त्या ऑफिसची समजूत अशी होती, की ज्यांची फी सरकार भरतं त्यांनी अधूनमधून उभं राहून दाखवलं पाहिजे.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले आणि शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायची वेळ आली. अर्जाला दोन कागद लागायचे. एक, आदल्या वर्षी पास झाल्याची गुणपत्रिका. ती माझ्याकडे होती. दुसरा, त्याच वर्षाच्या पंचाहत्तर टक्के हजेरीचा दाखला. तो कॉलेजचे हेडक्लार्क देणार होते. दाखला नसेल तर शिष्यवृत्ती बंद, शिष्यवृत्ती बंद म्हणजे मुलींच्या सरकारी वसतिगृहातली खाट गेली, आणि खाट गेली की भडगावला परत. तिथे माझ्यासाठी एक मास्तर पाहून ठेवलेला होता. माणूस चांगला असेलही. मला बी.एस्सी. करायचं होतं.

हेडक्लार्कांनी खिडकीतून माझा अर्ज परत सरकवला. "चौसष्ट टक्के. बसत नाही."

"भाऊसाहेब, मी एक तास चुकवलेला नाही."

"मस्टर तसं म्हणत नाही."

"मग मला मस्टर दाखवा."

मला गप्प करायला म्हणून त्यांनी ते दाखवलं. जून कोरा, जुलै कोरा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यादीच्या तळाशी वेगळ्या शाईत माझं नाव आणि पुढे वर्षभर हजेरीच्या खुणा. माझ्या वर-खाली जेवढी नावं त्याच शाईत होती, ती सगळी शिपाई उभं करायचा त्यांची होती.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आम्ही जूनमध्ये प्रवेश घ्यायचो, पण तहसीलचे दाखले येऊन फीमाफी मंजूर होईपर्यंत ऑफिस आमचा प्रवेश तात्पुरता धरायचं आणि नाव मस्टरवर चढवायचं नाही. आम्ही वर्गात बसायचो, वह्या भरायचो. सर हजेरी घ्यायचे तेव्हा आमची नावंच यायची नाहीत. वर्षाच्या शेवटी टक्के काढताना मात्र दिवस जूनपासून मोजायचे. रोख फी भरलेल्यांची नावं पहिल्या दिवशी लागायची. त्यातले काही पोळ्यानंतर पहिल्यांदा कॉलेजात उगवायचे, तोवर त्यांचं 'यस सर' मित्र म्हणायचे. आम्हाला बाहेर ठेवणारं ऑफिस तेच, आणि बाहेर होतात म्हणून टक्के कापणारंही तेच. हा काही कट नव्हता. कट करायला डोकं लागतं.

निरोप गेला आणि वडील शनिवारच्या एस.टी.ने आले. ते रस्त्याच्या खात्यात मैलकुली होते, म्हणजे नेमून दिलेल्या मैलाचे खड्डे बुजवायचे. मस्टर म्हणजे काय हे त्यांना हेडक्लार्कांइतकंच कळत होतं.

"तू रोज वर्गमा जाये ना?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मंग नाव काबर नही?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं. "आमना मुकादम पहिले नाव लिखस, मंग हातमा फावडं देस. तुमना कालेजमा बठ्ठं उलटं शे."

हेच त्यांनी खिडकीपाशी जाऊन सांगितलं. हेडक्लार्क म्हणाले, "बाबा, इथे फावडं नाही, शिक्षण आहे." आजूबाजूचे कारकून हसले. वडील मला म्हणाले, "आठ दिवस पाहू. नही तं घर चाल." आणि दुपारच्या बसने गेले. ते चिडले नव्हते, हेच वाईट होतं. चिडलेल्या माणसाला समजावता येतं.

सोमवारी मी केमिस्ट्रीचं जर्नल घेऊन गेले. आदल्या वर्षीच्या जुलैतल्या प्रत्येक प्रयोगाखाली सरांची सही आणि तारीख होती. हेडक्लार्कांनी पानं चाळली. "हे तुझ्या घरचं. सरांनी वर्षाच्या शेवटी एकदम सह्या ठोकल्या नसतील कशावरून? मला कॉलेजचं रेकॉर्ड दाखव."

कॉलेजचं रेकॉर्ड मला कोण दाखवणार? दोन दिवस मी नुसती धुमसत होते. बुधवारी प्रॅक्टिकलला शेजारच्या मुलाने बीकर फोडला आणि प्रयोगशाळेचं सामान सांभाळणाऱ्या आबांनी नेहमीसारखी लांबोळकी वही काढून त्याच्यापुढे टाकली. काचेचं काहीही फुटलं की त्या वहीत नाव, तारीख, वस्तू लिहून सही करायची आणि वर्षाअखेरी डिपॉझिटमधून कापून घ्यायचे. मला एकदम आठवलं. मी पहिल्या वर्षी एक ब्युरेट, म्हणजे मापाची काचेची नळी, फोडली होती.

"आबा, गेल्या वर्षीची वही आहे का?"

"आहे की. काय पाहिजे तुला त्यातलं? एवढं काय नाव कमावलंस तू?"

"आहे ते नावच पाहिजे."

नाव होतं. जुलैचा पहिला आठवडा, ब्युरेट एक, माझी सही, विभागप्रमुखांची सही, खाली ऑफिसचा शिक्का. आबा वही हातातून सोडायला तयार नव्हते, म्हणून वहीसकट आबांनाच घेऊन मी ऑफिसात गेले.

हेडक्लार्कांनी तारीख वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"भाऊसाहेब, मी जुलैत कॉलेजात नव्हते, तर ही ब्युरेट कोणी फोडली?"

त्यांनी वही मिटून आबांकडे सरकवली. आबाच म्हणाले, "साहेब, ही वही ऑडिटला जाते बरं का."

ऑडिट म्हटल्यावर हेडक्लार्कांचा चेहरा पहिल्यांदाच माणसासारखा झाला. वही खरी तर मस्टर खोटं, आणि मस्टर खरं तर शिक्का मारून कापून घेतलेले पैसे खोटे. वर्षभर बाकावर बसलेली जिवंत मुलगी त्यांना पुरेशी नव्हती. फुटलेली नळी पुरली. त्यांनी मस्टरमध्ये लाल शाईत 'जुलैपासून हजर' असा शेरा मारला, टक्के पुन्हा काढले आणि दाखला दिला. पंच्याऐंशी भरले. जून त्यांनी दिला नाही. मीही मागितला नाही, दाखला हातात आला होता.

मग मी म्हटलं, "माझ्या खोलीत आर्ट्सची मुलगी आहे, यावलची. तिचंही हेच झालंय. सहासष्ट टक्के."

"तिने काही फोडलंय का?"

त्यांनी विनोद केला नव्हता. हातात पेन घेऊन ते उत्तराची वाट बघत होते.

यावलची मुलगी केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या घरातली होती. तिच्याकडे इतिहासाच्या वह्या होत्या, आणि वह्या घरच्या. वसतिगृहात मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती ट्रंकेवर बसून वेणी घालत होती.

"मले माहीत असतं तं मी पहिल्याच दिवशी खिडकीची काच फोडली असती," ती म्हणाली.

आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी आम्हाला उभं ठेवून नियमितपणाचे फायदे सांगितले आणि अर्ज ठेवून जा म्हणाले. अर्ज ठेवला. अजूनही तिथेच असेल.

आठ दिवसांनी तिची खाट दुसरीला मिळाली. ट्रंक मी आणि तिने मिळून स्टँडपर्यंत नेली. मी ठरवलेली दोन-चार वाक्यं तिने बोलू दिली नाहीत. "तुह्या प्रॅक्टिकलची वेळ झाली, जाय तू," म्हणाली. मी गेले. नाही गेले तर माझे टक्के कमी झाले असते.

तिने पुढे बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए.चा अर्ज भरला. दिवसा बागेत घड उचलायची, उरलेल्या वेळात वाचायची. बहिःस्थाला हजेरीची अट नसते. त्याच विद्यापीठाची तीच परीक्षा, एकही दिवस वर्गात न बसता द्यायची मोकळीक असते. ती दुसऱ्या वर्गात पास झाली. त्याच उन्हाळ्यात माझाही शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. हजेरी ब्याऐंशी टक्के होती, आणि फिजिक्समध्ये मी नापास झाले होते.