निगारला बुर्सा पाहायचं होतं

सेनिये हमामखान्यात बायकांची अंगं घासून द्यायची. नवरा छातीच्या दुखण्यानं तरुणपणीच गेला, तेव्हा पदरात दोन मुलं आणि मनगटात ताकद, एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराच्या पश्चिमेला, चेकिर्गेच्या चढावर, जिथे डोंगरातलं गरम पाणी आपसूक वर येतं, तिथल्या एका जुन्या हमामखान्यात ती लागली आणि मग तिथलीच होऊन गेली. मुलं मोठी झाली, दूरच्या शहरांत नोकरीला लागली. सेनिये मात्र रोज सकाळी कमरेला पंचा गुंडाळून, हातात घासणीची पिशवी चढवून वाफेत उभी राहायची. नव्या नवऱ्या, बाळंतिणी, म्हाताऱ्या, सगळ्या तिच्या हाताखालून गेल्या. कोणाच्या पाठीवर वळ दिसले, कोणाच्या दंडावर चटका दिसला, तरी ती बाहेर कधी बोलली नाही. तोंडाची पक्की म्हणून बायका तिच्याकडेच येत.

तिची धाकटी बहीण निगार लग्न होऊन जर्मनीत गेली होती, डुइसबुर्ग गावाला. नवरा सेलामी पोलादाच्या कारखान्यात, ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात. आधी दर उन्हाळ्यात येई, पुढे पुढे दोन-तीन वर्षांनी. त्या वर्षी मात्र ऐन ऑक्टोबरात, चेस्टनट बाजारात आले असताना तिचा फोन आला.

"ताई, मी येतेय. एकटीच. एक अख्खा दिवस मोकळा ठेव, मला बुर्सा पाहायचंय."

"बुर्साची पोर तू, आणि बुर्सा काय पाहायचंय?"

"पाहिलंय कुठे गं? आईबरोबर डोक्यावर पाट्या घेऊन यायचो आणि तशाच परत जायचो. वर मान करून कधी बघितलं का आपण?"

ते खरंच होतं. सेनियेनं मालकिणीकडे सुट्टी मागितली. मालकीण लेमान हानिम, म्हणजे लेमानबाई, आधी दचकलीच. "तू आणि सुट्टी? कोणी मेलं-बिलं का गं?"

त्या दिवशी दोघी सकाळीच निघाल्या. निगारनं लांब करडा कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. ऊन चांगलं पडलं होतं, तरी तिनं तो काढला नाही. बोलणं मात्र अखंड चालू होतं. लहानपणापासून ती अशीच. भीती वाटली की जास्त बोलायची. पण हे सेनियेला त्या सकाळी आठवलं नाही.

आधी दोघी हिरव्या समाधीला गेल्या. नाव हिरवी, पण बाहेरच्या फरशा निळ्याशार. आत सुलतानाचं उंच थडगं, भिंतीभर चमकणारी नक्षी. निगार एकदम गप्प झाली. हात उघडे धरून तिनं प्रार्थना केली, ती संपता संपेना. सेनियेची आटोपली, चपलांशी येऊन ती उभी राहिली, तरी बहीण आत तशीच.

"एवढं काय मागत होतीस?" बाहेर आल्यावर सेनियेनं विचारलं.

"मागितलं नाही काही. विचारत होते."

"मग, काय म्हणाला सुलतान?"

"म्हणाला, तुझ्या ताईला भूक लागलीये, आधी तिला खायला घाल."

दोघी हसल्या. वाटेत तीळ लावलेली पावाची कडी विकत घेऊन खात खात मोठ्या मशिदीपर्यंत चालत आल्या. त्या मशिदीत घुमटाखालीच कारंजं आहे. पाण्याचा आवाज सगळ्या खांबांमधून फिरत असतो. तिथे बायकांच्या बाजूला दोघी भिंतीला टेकून बसल्या. निगारनं डोळे मिटले. उतारवयाकडे झुकलेला तिचा चेहरा सेनियेनं नीट न्याहाळला. गाल बसले होते. केस रुमालाखाली होते, पण कानापाशी आलेली बट बारीक आणि मऊ होती, लहान मुलाच्या जावळासारखी. जर्मनीचं पाणी मानवत नसेल, असं सेनियेनं मनाशी म्हटलं.

तिथून रेशमाच्या बाजारात. जुन्या सराईचं चौकोनी अंगण, मधे झाडांखाली चहाची टेबलं, वरच्या सज्ज्यात ओळीनं दुकानं. त्यांची आई याच अंगणात रेशमाचे कोष विकायला यायची. निगारनं भाच्यांसाठी, भाचेसुनांसाठी रुमाल घेतले. सेनियेला एक रेशमी पोलकं फार आवडलं, पिकल्या अंजिराच्या रंगाचं. "हे तुला शोभेल. माझ्याकडून. चल, आत जाऊन घालून बघ."

"नको."

"अगं, घालून तर बघ! दुकानदार काय पैसे मागतोय घालायचे?"

"नको म्हटलं ना, ताई!"

आवाज इतका चढला की दुकानदारानं रुमालांच्या घड्या घालायच्या निमित्तानं पाठ फिरवली. सेनियेनं पोलकं खाली ठेवलं. जेवताना दोघी बेताचंच बोलल्या. निगारनं ताटातलं अर्धं मांस बहिणीच्या ताटात सरकवलं आणि ताकाचा पेला तेवढा संपवला.

दिवसाचा शेवट सेनियेनं मनात आधीच ठरवून ठेवला होता. बहिणीला आपल्या हमामखान्यात न्यायचं, गरम चौथऱ्यावर निजवायचं आणि तिचा सगळा शिणवटा उतरवायचा. दुसरं देण्यासारखं तिच्यापाशी होतं तरी काय? पण बसमधून उतरून दोघी हमामखान्याच्या दाराशी आल्या आणि निगारचे पाय जागीच थांबले.

"इथे नको."

"का?"

"डोकं दुखतंय. घरी जाऊ."

समोर रस्त्यापलीकडे चिनार होता, खाली बाक. सेनिये तिथे जाऊन बसली, निगार मागोमाग येऊन उभी राहिली. तिच्या मनात एक जुना सल होता. पूर्वी एका लग्नात निगारची नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती, "सेनियेच्या हातचं कसं खायचं बाई, दिवसभर लोकांचा मळ काढते ती." निगार शेजारीच बसली होती, ती हूं की चूं बोलली नव्हती. सेनियेनं तो घास कधी थुंकला नव्हता, पण गिळलाही नव्हता.

"सरळ म्हण की," ती म्हणाली. "माझ्या हातांची किळस येते तुला. तुझ्या नणंदेसारखी."

निगार बहिणीशेजारी बसली. सेनियेचा हात तिनं धरला, कोटाची दोन बटणं काढली आणि तो हात आत, डाव्या बाजूला, दाबून धरला.

"हे कापसाचं आहे, ताई," ती म्हणाली. "खालचं काढून टाकलं. मागच्या हिवाळ्यात."

रस्त्यावरून बस गेली. चेस्टनट भाजणाऱ्याच्या शेगडीचा धूर अंगावरून गेला. सेनियेचा हात तिथेच होता. तो काढून घ्यावा की ठेवावा, तिला कळेना.

"कळवलं का नाहीस?"

"कळवून काय केलं असतंस? रडली असतीस. मला कोणाला समजवत बसायचं बळ नव्हतं गं."

"आणि सेलामी?"

"तो चांगला वागतो. एक शब्द बोलत नाही. मीच आरसा झाकून ठेवलाय. आणि आत त्या बायकांमध्ये, उघडी... मला नाही जमायचं."

सेनिये रडली नाही. ती उठली, रस्ता ओलांडून आत गेली.

आत नवरीच्या न्हाणाची धांदल होती. डफ, गाणी, मिठायांची ताटं. "लेमान हानिम, मला कोपऱ्यातली लहान खोली हवी."

"आज? अगं, नवरीकडच्यांनी सगळं घेतलंय. आणि तुझी सुट्टी ना?"

"माझ्या बहिणीला हवीये." इतक्या वर्षांत सेनियेनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. लेमाननं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि किल्ली काढून दिली.

लहान खोलीत दोघीच होत्या. संगमरवरी कुंडीत पाणी पडत होतं. निगारनं पंचा छातीशी घट्ट धरला होता. सेनियेनं तिला बसवलं, तांब्याच्या भांड्यानं पाठीवर पाणी ओतलं, मग घासायला सुरुवात केली. खांदे, दंड, पाठ, जशी रोज घासायची तशीच. मग पुढे आली. पंच्यावरची बोटं तिनं एकेक करून सोडवली. व्रण बगलेपासून मधोमध गेला होता, गुलाबी, आवळलेला. सेनियेनं घासणी काढून ठेवली. साबणाचा फेस तळहातावर घेतला आणि तो हात त्या जागेवरून फिरवला. ना थांबला, ना घाईनं पुढे सरकला.

"दुखतं?"

"नाही. ती जागा बधीर आहे. पण कळतंय." निगार रडत होती. "तुझा हात आहे हे कळतंय."

"माझ्याकडे एक शिक्षिका येते," सेनिये म्हणाली. "तिचंही असंच काढलंय. मोठ्या दालनात चौथऱ्याच्या बरोब्बर मधे पसरते आणि वर मला दरडावते, जोर लाव म्हणून."

निगार रडता रडता हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला तिथे ने."

दोघी मोठ्या दालनात गेल्या. गाणं जरा अडखळलं, एक-दोन माना वळल्या. निगारचे खांदे आखडले, पण ती चालत राहिली आणि गरम चौथऱ्याच्या कडेला बसली. नवरीची म्हातारी आजी शेजारीच होती. तिनं व्रणाकडे सरळ पाहिलं, हातातलं संत्रं सोललं आणि अर्धं निगारला दिलं.

"सरलं म्हणायचं, लेकी," ती म्हणाली. "खा."

गाणं पुन्हा सुरू झालं. मग निगारनं घासणी उचलली. "ताई, आडवी हो."

"वेडी का काय! इथल्या पोरी हसतील मला."

"हसू देत. तुला कोणी घासलंय कधी?"

कोणीच नाही. सेनिये पालथी झाली. निगारला ते काम मुळीच येत नव्हतं. गालिचा धुवावा तशी ती खसाखसा घासत होती. सेनियेची कातडी लाल झाली. दगडाची ऊब पोटातून वर येत होती. ओठ मिटून ती निजून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा ते कोणालाच वेगळं दिसलं नाही.

निगार रविवारी परत गेली. जानेवारीतली तिची तपासणी चांगली निघाली, त्यापुढची नाही. तरी पुढची दोन वर्षं, चेस्टनट आले की ती आली. तिसऱ्या वर्षी सेनियेच गेली, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून. डुइसबुर्गच्या त्या लहानशा न्हाणीघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून तिनं बहिणीला शेवटपर्यंत न्हाऊ घातलं. सेलामी दाराबाहेर टॉवेल धरून उभा असायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "ताई, मलाही शिकवा." तिनं त्याला आत बोलावलं आणि पाणी हातावर घेऊन किती गरम हवं ते दाखवलं.